संग्राह्य कार्डांची ऑनलाइन विक्री : ग्राहकाने नुकसानीची तक्रार केल्यास विक्रेत्याने काय करावे?

नोएडा : ऑनलाइन विकलेले संग्राह्य कार्ड ग्राहकाच्या हाती पोहोचते आणि काही तासांतच विक्रेत्याला संदेश येतो, ‘कोपरा दुमडलेला आहे, पैसे परत करा.’ दोष आधीपासून होता, वाहतुकीत निर्माण झाला की पाकीट उघडल्यानंतर, हे त्या क्षणी दोघांपैकी कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. अशा तक्रारीचा निकाल पुढे कोणत्याही व्यासपीठावर लागो, तो मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतो. पाकीट बंद होण्यापूर्वी विक्रेत्याने केलेली नोंद ही पहिली आणि तक्रार आल्यानंतरच्या दोन दिवसांत त्याने दिलेला प्रतिसाद ही दुसरी. या व्यवहारांना लागू होणारे कायदे, जोखमीची विभागणी आणि तक्रार हाताळण्याची पद्धत यांची माहिती पुढे दिली आहे.

अवस्थेवर ठरणारी किंमत

‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ मध्ये अमेरिकेत आणि पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ १९९६ मध्ये जपानमध्ये सुरू झाला. खेळाडूंची छायाचित्रे असलेल्या कार्डांची परंपरा त्याहून बरीच जुनी आहे. भारतात शाळेच्या मधल्या सुटीत ‘ट्रम्प कार्ड’ खेळलेल्या पिढीतील अनेकांकडे जुने संच आजही जपून ठेवलेले आढळतात.

या वस्तूंची किंमत दुर्मीळतेइतकीच त्यांच्या अवस्थेवर ठरते. १९५२ सालचे, बेसबॉलपटू मिकी मँटल यांचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. त्याच मालिकेतील झिजलेल्या कार्डांना त्याचा अगदी अल्प अंश मिळतो. अमेरिकेत १९९१ मध्ये स्थापन झालेली पीएसए ही संस्था १ ते १० या श्रेणीत कार्डांची प्रतवारी करून त्यांना कठीण प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करते. प्रतवारी न झालेल्या कार्डांसाठी विक्रेते ‘निअर मिंट’, ‘लाइटली प्लेड’, ‘मॉडरेटली प्लेड’, ‘हेविली प्लेड’ आणि ‘डॅमेज्ड’ अशा संज्ञा वापरतात. सुमारे ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८ मिलिमीटर उंच अशा या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पडलेली एक बारीक घडीसुद्धा त्याला वरच्या श्रेणीतून खाली आणू शकते. म्हणूनच साध्या वस्तूच्या बाबतीत दुर्लक्षित राहिला असता असा दोषही येथे वादाचे कारण ठरतो.

कोणता कायदा लागू होतो?

विक्रेता नियमित व्यापार करतो की आपल्या संग्रहातील एखादे कार्ड प्रसंगोपात विकतो, हा यातील पहिला प्रश्न आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला आणि २३ जुलै २०२० रोजी ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अधिसूचित झाले. हे नियम ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या सर्व वस्तूंना लागू आहेत. मात्र एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक पातळीवर केलेला, नियमित वा पद्धतशीर व्यावसायिक उलाढालीचा भाग नसलेला व्यवहार त्यातून वगळण्यात आला आहे.

त्यामुळे जुना अल्बम एकदाच विकून टाकणारा संग्राहक या नियमांच्या कक्षेबाहेर राहतो. घरातूनच, परंतु दर आठवड्याला नवी कार्डे विक्रीस ठेवणाऱ्याला ‘हा माझा छंद आहे’ एवढे सांगून सुटता येत नाही.

विक्रीमंचावरून माल विकणाऱ्या नियमित विक्रेत्यावर नियम ६ अन्वये पुढील जबाबदाऱ्या येतात. वस्तू सदोष वा बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या अथवा मान्य केलेल्या गुणवैशिष्ट्यांशी जुळत नसेल, तर ती परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास त्याला नकार देता येत नाही. त्याने तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे लागते. परतीच्या अटी आणि परत पाठवणीचा खर्च कोणाकडे, हेही आधीच जाहीर करणे आवश्यक आहे. सदोष माल परत घेण्यास बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, नकार देणे ही मूळ अधिनियमानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीला सदोष मालाच्या बाबतीत फारसा अर्थ उरत नाही तो यामुळेच.

प्रसंगोपात विक्री करणाऱ्यालाही कायद्यातून पूर्ण मोकळीक नाही. मालविक्री अधिनियम, १९३० त्याला लागू असतोच. या अधिनियमाच्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. ‘निअर मिंट’ असे लिहून विकलेल्या कार्डाला घडी असेल, तर खरेदीदाराने नीट पाहायला हवे होते हा बचाव टिकणे कठीण आहे, कारण त्याने प्रत्यक्ष कार्ड पाहिलेलेच नसते.

वाहतुकीतील जोखीम कोणाची?

कार्ड सुस्थितीत पाठवले आणि वाटेत खराब झाले, तर नुकसान कोणी सोसायचे, हा यातील सर्वाधिक गैरसमज असलेला भाग आहे. १९३० च्या अधिनियमानुसार, वेगळा करार नसल्यास मालकीबरोबर जोखीमही खरेदीदाराकडे जाते आणि वाहतूकदाराच्या स्वाधीन केलेला माल प्रथमदर्शनी खरेदीदाराच्या ताब्यात दिल्याप्रमाणे मानला जातो. मात्र याच अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये एक महत्त्वाची अट आहे. मालाचे स्वरूप लक्षात घेऊन वाहतूकदाराशी वाजवी करार करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. ते त्याने पाळले नाही आणि माल वाटेत हरवला वा खराब झाला, तर खरेदीदार तो आपल्याला मिळाल्याचे मानण्यास नकार देऊ शकतो. हजारो रुपयांचे कार्ड विम्याविना, साध्या लिफाफ्यातून पाठवणाऱ्या विक्रेत्याची बाजू येथे कमकुवत होते.

नियमित विक्रेत्यासाठी व्यवहारातील स्थिती याहून कडक आहे. ग्राहक ज्या अवस्थेचे पैसे देतो, त्या अवस्थेत वस्तू त्याच्या हाती पोहोचणे अपेक्षित असते. विक्रीमंचांच्या परतीच्या अटीही सहसा याच दिशेने झुकलेल्या असतात. ‘कुरिअरकडे तक्रार करा’ असे ग्राहकाला सांगून विक्रेत्याने बाजूला होणे त्यामुळे योग्य नाही. कुरिअरशी करार विक्रेत्याने केलेला असतो. भरपाईचा दावाही त्यानेच करावा आणि तो दावा निकाली निघेपर्यंत ग्राहकाला थांबवून ठेवू नये.

पहिले ४८ तास

तक्रार आल्यावर पहिले काम पोच देण्याचे आहे. पहिल्या संदेशात चूक कबूल करण्याची घाई नको आणि ग्राहकावर संशयही नको. उत्तर विक्रीमंचाच्या संदेशव्यवस्थेतूनच द्यावे, म्हणजे त्याची तारीख-वेळ नोंदली जाते. दूरध्वनीवर बोलणे झाले तरी त्याचा सारांश लेखी पाठवावा. पहिला संदेश साधारणपणे असा असू शकतो :

‘नमस्कार. आपला संदेश मिळाला. कार्ड अपेक्षित अवस्थेत पोहोचले नाही याचा खेद वाटतो. कृपया कार्डाच्या दोन्ही बाजूंची, दुमडलेल्या कोपऱ्याची जवळून आणि पाकिटाची आतून-बाहेरून छायाचित्रे पाठवावीत. तोपर्यंत पाकीट, पुठ्ठा व वेष्टन टाकून देऊ नये. पाठवणीपूर्वीच्या छायाचित्रांशी पडताळणी करून उद्या सायंकाळपर्यंत आपल्याला निर्णय कळवतो.’

पाकीट जपून ठेवण्याची विनंती महत्त्वाची आहे. चेपलेला लिफाफा, ओलाव्याचा डाग किंवा फाटलेली कड हा वाहतुकीतील नुकसानीचा पुरावा असतो आणि कुरिअरकडील दाव्यात तो उपयोगी पडतो. पाकीट उघडतानाची चित्रफीत असल्यास ती मागण्यास हरकत नाही. मात्र अशी चित्रफीत देणे कायद्याने बंधनकारक नाही. ती नाही एवढ्या एका कारणावरून तक्रार फेटाळणे विक्रेत्याला अडचणीचे ठरू शकते.

कार्ड तपासण्यासाठी खरेदीदाराला वाजवी वेळ मिळाला पाहिजे, हे तत्त्व १९३० च्या अधिनियमातच आहे. त्याचबरोबर वाजवी काळ उलटूनही नकार न कळवता कार्ड ठेवून घेतले, तर खरेदीदाराने ते स्वीकारले असे मानले जाते. त्यामुळे पोहोचल्याच्या संध्याकाळी आलेली तक्रार आणि तीन महिन्यांनी आलेली तक्रार यांचे वजन सारखे नसते.

दोषाचे स्वरूप काय सांगते?

छायाचित्रे मिळाल्यानंतर दोषाचा प्रकार ओळखावा. एकच कोपरा आत दबलेला असणे हे बहुधा वाहतुकीतील आघाताचे लक्षण असते. कठीण प्लॅस्टिकच्या ‘टॉपलोडर’मध्ये कार्ड सैल राहिले, तर पाकीट पडताच ते घसरून कडेवर आपटते. प्रतवारीच्या पेटीला गेलेला तडाही सहसा वाटेतच पडतो. याउलट कडांवरची पांढरी झीज आणि पृष्ठभागावरचे बारीक ओरखडे हाताळणीतून येतात. स्लीव्हमध्ये बंद असलेल्या कार्डावर ते एका प्रवासात उमटण्याची शक्यता कमी असते. छपाईची रेघ किंवा एका बाजूला सरकलेली चौकट हा कारखान्यातला दोष असतो. ते नुकसान नव्हे, तथापि वर्णनात त्याचा उल्लेख नसेल तर तक्रार रास्त ठरू शकते.

चकाकत्या ‘फॉइल’ कार्डांबाबत हवामानाचाही विचार करावा लागतो. कागदाचा थर हवेतील ओलावा शोषून फुगतो, धातूसारखा चकाकणारा थर फुगत नाही आणि कार्ड धनुष्याप्रमाणे वाकते. नोएडाच्या तुलनेने कोरड्या हवेतून जुलैमध्ये कोकणात पोहोचलेले कार्ड दोन दिवसांत वाकू शकते. यात कोणाचा हलगर्जीपणा असेलच असे नाही. असे कार्ड कोरड्या जागी, सपाट दाबाखाली ठेवल्यास अनेकदा सरळ होते. घडी मात्र कायमची असते. ग्राहकाला हा फरक समजावून सांगितल्यास काही तक्रारी तेथेच मिटतात.

परतावा की किमतीत सूट?

पडताळणीअंती दोष पाठवणीपूर्वीचा किंवा वाहतुकीतला असल्याचे दिसले, तर ग्राहकापुढे दोन पर्याय ठेवावेत. कार्ड परत घेऊन पूर्ण रक्कम देणे हा पहिला. कार्ड ग्राहकाकडेच ठेवून किमतीतील फरक परत करणे हा दुसरा. किमतीत घट मागण्याचा खरेदीदाराचा हक्क १९३० च्या अधिनियमाच्या कलम ५९ मध्येही मान्य केलेला आहे.

उदाहरणादाखल, नोएडातील विक्रेत्याने ‘निअर मिंट’ म्हणून ८,००० रुपयांना विकलेले कार्ड रत्नागिरीत पोहोचले तेव्हा त्याचा कोपरा दुमडलेला होता, असे समजू. तेच कार्ड ‘लाइटली प्लेड’ अवस्थेत अलीकडे ५,५०० रुपयांना विकले गेले असेल, तर वाजवी फरक २,५०० रुपये होतो. हा आकडा कसा काढला, हे ग्राहकाला अलीकडच्या विक्रीच्या नोंदींसह दाखवावे. मात्र सूट हा केवळ प्रस्ताव आहे. वर्णनाशी न जुळणारे कार्ड परत करण्याचा ग्राहकाचा आग्रह असेल, तर त्याच्यावर सूट लादता येत नाही.

परत पाठवणीचा खर्च अशा वेळी विक्रेत्याने उचलणे उचित होय. वेगळे ठरलेले नसल्यास, योग्य कारणाने माल नाकारणाऱ्या खरेदीदारावर तो परत पाठवण्याचे बंधन नाही आणि नकार कळवणे पुरेसे आहे, असे कलम ४३ सांगते. पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत करावेत. परताव्याच्या निमित्ताने अनोळखी क्यूआर कोड पाठवून फसवणूक होऊ शकते. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, ही बाब दोन्ही पक्षांनी ध्यानात ठेवावी.

तक्रार खोटी वाटल्यास

काही तक्रारींमध्ये खरेदीदार चांगले कार्ड ठेवून घेतो आणि स्वतःकडचे खराब कार्ड परत करतो. अशा वेळी आरोप करण्याआधी ओळख पटवावी. प्रत्येक कार्डाची छपाई, कडांचे माप, चौकटीचा कल आणि बारीक ठिपके यांत फरक असतो. पाठवणीपूर्वी दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे घेतलेली असल्यास परत आलेले कार्ड तेच आहे की नाही, हे बहुतेक वेळा कळते. प्रतवारी झालेल्या कार्डांच्या पेटीवर प्रमाणपत्र क्रमांक असतो, तो पाठवताना आणि परत आल्यावर पडताळावा. परतीचे पाकीट विक्रेत्यानेही चित्रीकरण करीत उघडावे.

अदलाबदल झाल्याचे स्पष्ट दिसत असेल, तर तुलनात्मक छायाचित्रांसह विक्रीमंचाकडे दाद मागावी. आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या हेल्पलाइनवर नोंदवता येते. ग्राहकाचे नाव आणि पत्ता संग्राहकांच्या गटांत उघड करून त्याची बदनामी करणे मात्र टाळावे. त्यातून विक्रेत्यावरच कायदेशीर कारवाईची वेळ येऊ शकते.

कुरिअरकडून किती भरपाई मिळते?

ग्राहकाला पैसे परत केल्यानंतर विक्रेत्याला ते कुरिअरकडून वसूल करता येतीलच, अशी खात्री नाही. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या प्रकरणात परदेशी पाठवलेली कागदपत्रे न पोहोचल्याने झालेल्या मोठ्या नुकसानीची भरपाई मागण्यात आली होती. पाठवणी पावतीवर दायित्वाची मर्यादा १०० डॉलर असल्याची अट छापलेली होती. पाठवणाऱ्याने सही केलेली ही अट त्याच्यावर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला.

टपाल खात्याबाबत, १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ च्या कलम १० नुसार नियमांत विहित केले असेल तेवढेच दायित्व खात्यावर येते. तात्पर्य, मौल्यवान कार्ड पाठवताना पावतीवरील बारीक अक्षरांतल्या अटी वाचाव्यात, घोषित मूल्य खरे लिहावे आणि विम्याची सोय असल्यास ती घ्यावी. शुल्क वाचवण्यासाठी कमी मूल्य लिहिणाऱ्याला नंतर पूर्ण किमतीचा दावा करणे अवघड जाते.

वाद ग्राहक आयोगापुढे गेल्यास

ग्राहक प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे जाऊ शकतो. मराठीतही तेथे तक्रार मांडता येते. विक्रेत्यासाठी ही समझोत्याची संधी असते. त्यानंतरचा टप्पा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा आहे. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. १ जानेवारी २०२५ पासून कार्यान्वित झालेल्या ‘ई-जागृती’ या पोर्टलवरून ती ऑनलाइन दाखल करता येते.

अधिकारक्षेत्राबाबत नोएडातील विक्रेत्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. नोएडा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात असले तरी ते उत्तर प्रदेशातील गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात मोडते, त्यामुळे तेथील प्रकरण दिल्लीच्या आयोगांकडे जात नाही. दुसरे म्हणजे, २०१९ च्या अधिनियमाने ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या किंवा कामाच्या ठिकाणच्या आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. वरील उदाहरणातील ग्राहक रत्नागिरीतच तक्रार दाखल करू शकतो आणि नोएडातील विक्रेत्याला तेथे उत्तर द्यावे लागते. दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणीची विनंती करण्याची तरतूद कायद्यात आहे.

नोटीस मिळाल्यावर उत्तरासाठी ३० दिवस मिळतात आणि आयोग आणखी १५ दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकतो. त्यापलीकडे मुदतवाढ देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी, १९८६ च्या जुन्या अधिनियमातील अशाच तरतुदीचा अर्थ लावताना स्पष्ट केले आहे. त्यामुळे रक्कम लहान म्हणून नोटिशीकडे दुर्लक्ष करणे महागात पडू शकते. आयोग योग्य प्रकरणे दोन्ही पक्षांच्या संमतीने मध्यस्थीकडेही सोपवू शकतो.

पुनर्विक्रीसाठी कार्डे घेणारा खरेदीदार या अधिनियमानुसार सर्वसाधारणपणे ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यांसाठी कायद्यात अपवाद आहे. दोन व्यापाऱ्यांमधील असा वाद एरवी दिवाणी न्यायालयाच्या कक्षेत येतो.

पाठवणीपूर्वीची नोंद

बहुतेक वादांचा बंदोबस्त पाकीट बंद करण्याआधीच करता येतो. कार्डाच्या दोन्ही बाजू, चारही कोपरे आणि तिरप्या प्रकाशातील पृष्ठभाग यांची छायाचित्रे घ्यावीत. वर्णनात संज्ञेबरोबर दिसणारा प्रत्येक दोष शब्दांत लिहावा. अवस्थेविषयी शंका असल्यास खालची श्रेणी नमूद करावी. कार्ड स्लीव्हमध्ये घालून टॉपलोडरमध्ये ठेवावे, ते हलणार नाही असे बंद करावे, जलरोधक पिशवीत घालून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बसवावे आणि मगच पाकिटात ठेवावे. चिकटपट्टी कार्डाला किंवा स्लीव्हच्या तोंडाशी लागू देऊ नये, कारण ती सोडवताना ग्राहकाच्या हातूनच कार्ड खराब होण्याचा धोका असतो. पाकीट बंद करतानाची छोटी चित्रफीत, बिल, वजनासह पाठवणी पावती आणि माग क्रमांक एकत्र जपून ठेवावेत. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असल्याने ही नोंदही किमान तेवढा काळ हाताशी असावी.

या नोंदीचा उपयोग ग्राहकाची तक्रार खोडून काढण्यापुरता नाही. दोष आपल्याकडूनच गेला होता हेही तीच दाखवते आणि तसे दिसल्यास विक्रेत्याने विनाविलंब पैसे परत करणे हाच सर्वांत कमी खर्चाचा मार्ग ठरतो.